पहिली इलेक्ट्रिक गिटार घरी बनवताना: आधी नेक, मग ब्रिज, आणि मधली सगळी कामं

घरी बनवलेली पहिली गिटार वाजत नाही, ती बहुतेक वेळा कामाचा क्रम चुकल्यामुळे. हात सगळ्यांचे ठीकच चालतात. ड्रॉइंग छापलं, बॉडी कापली, ड्रॉइंगवर ब्रिजची (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाची) भोकं दिसतात म्हणून ती पण पाडून टाकली, आणि नेक, म्हणजे बोटं चालतात ती लांब दांडी, सगळ्यात शेवटी बसवली. मग तारा चढवल्या की कळतं जाड तार फ्रेटबोर्डच्या (नेकवरच्या बोटं दाबायच्या पट्टीच्या) अगदी कडेला आलीय आणि बारीक तारेकडे बोटभर जागा शिल्लक आहे. माझ्या पहिल्या बॉडीवर नेमकं हेच झालं होतं, पाचही भोकं लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवली आणि परत पाडली. म्हणून या लेखात क्रमावर जास्त वेळ घालवलाय, रंग-पॉलिशवर कमी.

१. काय बनवायचं ते आधी पक्कं करा

पहिल्यांदा बनवताय तर नेक तयार विकत घ्या, बॉडी घरी करा. हे मी कळकळीने सांगतोय. फ्रेटच्या (फ्रेटबोर्डवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या) खाचा मिलीमीटरच्या दहाव्या हिश्श्यात चुकल्या तरी सूर बसत नाही, आणि ट्रस रॉडची (नेकच्या आतल्या, तिचा बाक सांभाळणाऱ्या सळईची) खाच, फ्रेट ठोकणं, ते एका पातळीत घासणं हे प्रत्येक स्वतंत्र शिकायचं काम आहे. दुसऱ्या-तिसऱ्या गिटारला करा.

बाकी निवड अशी ठेवा: स्क्रूने बसणारी नेक, स्केल (तारेची वाजणारी लांबी) ६४८ मिमी म्हणजे साडेपंचवीस इंच, तारा मागच्या बाजूने ओवता येतील असा वरून बसणारा फिक्स ब्रिज, एक किंवा दोन हंबकर (दोन कॉइलचे पिकअप, तारांचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे), एक व्हॉल्यूम, एक टोन. ट्रेमोलो (दांडीने सूर हलवता येणारा ब्रिज) नको, त्याला बॉडीतून आरपार खड्डा लागतो आणि मागे स्प्रिंगसाठी अजून एक. दोन खांबांवर उभा राहणारा उंच ब्रिज पण नको, कारण त्याच्यासाठी नेक काही अंश मागे कलती बसवावी लागते आणि तो कोन हाताने काढणं पहिल्या खेपेला अवघड जातं.

२. सगळे पार्ट हातात आल्याशिवाय लाकडाला हात लावू नका

नेक, ब्रिज, पिकअप, त्यांच्या रिंगा, पॉट (व्हॉल्यूम-टोनचे फिरवायचे कंट्रोल), जॅक, स्क्रू, नेक प्लेट, सगळं टेबलावर मांडा आणि व्हर्नियरने मोजा. वेबसाइटवर लिहिलेली मापं आणि हातात आलेला पार्ट यात अर्धा-एक मिमी फरक निघतोच. नेकची टाच (बॉडीत बसणारं टोक) साधारण ५६ मिमी रुंद असते पण तुमची ५५.६ असेल तर पॉकेट, म्हणजे टाच बसते तो बॉडीतला खड्डा, ५५.६ चंच हवं. पॉटचा दांडा कुणाचा ८ मिमीच्या भोकात जातो कुणाचा साडेनऊ-दहाच्या, हे आधीच बघून ठेवा.

मग ही बेरीज कागदावर करा, ही बहुतेक जण करतच नाहीत. माझ्या नेकची टाच फ्रेटबोर्ड धरून २५ मिमी जाड. पॉकेट १६ मिमी खोल. म्हणजे फ्रेटबोर्ड बॉडीच्या वर ९ मिमी राहणार. त्यावर फ्रेटची उंची १ मिमी, आणि ब्रिजपाशी तार फ्रेटच्या पातळीपेक्षा साधारण ३ मिमी वर लागते. झाले १३. आता ब्रिजचे सॅडल (प्रत्येक तार टेकते ते सरकणारे तुकडे) पूर्ण खाली करून उंची मोजा, पूर्ण वर करून मोजा. १३ त्या दोन मापांच्या मध्ये कुठेतरी आरामात पडायला हवेत. अगदी टोकाला येत असतील तर पॉकेटची खोली आत्ता कागदावर बदला, लाकडात नंतर बदलणं फार त्रासाचं.

> तपासा: ड्रॉइंग छापलं की त्यावरची १०० मिमीची रेघ स्टीलच्या पट्टीने मोजा. प्रिंटर पान बसवायला म्हणून दोन-तीन टक्के लहान करून देतो आणि ते डोळ्याला दिसत नाही.

३. लाकूड

महॉगनी, अल्डर, बासवुड, अ‍ॅश, काहीही चालेल, पण सुकलेलं पाहिजे. ओलाव्याचं मीटर मिळालं तर ६ ते १० टक्के बघा. नसेल तर फळी आणून काम करायच्या खोलीत दोन-तीन आठवडे उभी ठेवा, रोज तिचं वजन करा, वजन कमी व्हायचं थांबलं की घ्या. साग वापरणार असाल तर तो तेलकट असतो, ग्लू लावायच्या अगदी आधी सांध्याची बाजू पुसून ताजी रंधून घ्या नाहीतर सांधा नंतर सुटतो, आणि वजनाचाही विचार करा.

बॉडीची जाडी ४५ मिमी. एवढी रुंद एकसंध फळी सहसा मिळत नाही, दोन जोडाव्या लागतात, आणि ते चांगलंच आहे कारण सांध्याची रेघ हीच तुमची मध्यरेषा होते. सांधा रंधून झाला की दोन फळ्या कोरड्याच एकमेकींना लावून उजेडासमोर धरा. कुठूनही उजेड दिसला तर परत रंधा. क्लॅम्प आवळून फट बंद करायची आणि ग्लू भरेल असं समजायचं हे करू नका. ग्लू लावून क्लॅम्प रात्रभर राहू द्या.

मध्यरेषा पुढे, मागे आणि दोन्ही टोकांवर पेन्सिलने काढून त्यावर पातळ धारेने एक हलका चरा मारा. पेन्सिल घासून जाते, चरा राहतो. पुढचं सगळं याच्यावरून मोजायचंय.

४. टेम्प्लेट आणि कापणी

१२ मिमी एमडीएफची टेम्प्लेट (बॉडीच्या आकाराचा नमुना) करा आणि त्यावर जेवढा वेळ द्यायचाय तेवढा द्या. टेम्प्लेटच्या कडेवरचा प्रत्येक खड्डा राउटर (फिरत्या बिटने लाकूड कोरणारं यंत्र) इमानदारीने बॉडीवर उतरवतो. कड बोटाने चाचपून बघा, डोळ्याला न दिसणारं बोटाला लागतं.

जिगसॉने कापताना रेघेच्या ४-५ मिमी बाहेरून जा. ४५ मिमी जाड लाकडात ब्लेड खाली वाकतं, वर रेघेवर चालतंय असं वाटतं आणि खालच्या बाजूला आत शिरलेलं असतं. बँडसॉ असेल तर २-३ मिमी पुरे.

मग टेम्प्लेट दुहेरी टेपने घट्ट चिकटवून, बेअरिंग असलेल्या बिटने राउटर. एका फेरीत ३-४ मिमी, जास्त नाही. बाहेरच्या कडेने राउटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा, आतल्या खड्ड्यात घड्याळाच्या दिशेने. उलट केलंत तर बिट लाकूड पकडून राउटर स्वतःच पुढे ओढतो.

> सावध: बॉडीच्या शिंगांच्या (नेकशेजारी पुढे आलेल्या दोन भागांच्या) टोकाशी लाकडाचे धागे आडवे येतात आणि तिथेच मोठी कपची उडते. तिथे अगोदर कानस किंवा सँडपेपरने जवळपास रेघेपर्यंत आणा, राउटरला शेवटचा एकच मिमी ठेवा. चष्मा आणि मास्क दोन्ही लावा. एमडीएफची धूळ तर बिलकुल आत घेऊ नका.

बॉडीच्या कडा आत्ता गोल करू नका. खड्डे खणताना राउटरला टेकायला सपाट जागा लागते.

५. नेक पॉकेट

सगळ्या कामात हे सर्वात नाजूक. पॉकेट साधारण ७५ मिमी लांब असतं, त्यात नेक एका टोकाला अर्धा मिमी तिरकी बसली तर तिकडे नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीपाशी) जवळपास ३ मिमी सरकते. म्हणून पॉकेटची टेम्प्लेट तयार विकत घेतलेली वापरू नका, तुमच्याच नेकभोवती बनवा: नेक मध्यरेषेवर ठेवा, दोन्ही बाजूंना सरळ एमडीएफच्या पट्ट्या टेकवून चिकटवा, शेवटाला तिसरी पट्टी, नेक उचला, झाली टेम्प्लेट तयार. पट्ट्या चिकटवताना नेक मध्यरेषेवर आहे का ते टाचेवरून ठरवू नका, नटच्या मध्यातून दोरा ताणून बॉडीच्या खालच्या टोकापर्यंत न्या आणि चऱ्यावर पडतो का बघा.

एकदा फुकट गेलेल्या लाकडाच्या तुकड्यात पॉकेट खणा. नेक हाताने दाबून आत जायला हवी आणि बॉडी नेकला धरून उचलली तर क्षणभर तरी लटकून राहायला हवी. ढिलं झालं तर पट्ट्या परत लावा. मग बॉडीवर.

तळ सपाट आहे का ते लहान पट्टी उभी धरून बघा. कोपऱ्यात राहिलेला भुसा किंवा एखादा उंचवटा नेकचा कोन बदलतो आणि माणूस तिकडे ट्रस रॉड पिळत बसतो.

६. नेक स्क्रू करणं

बॉडीतली भोकं मोठी आणि नेकमधली लहान, हे लक्षात ठेवा. स्क्रू ४.२ मिमीचा असेल तर बॉडीत ४.५ चं भोक, म्हणजे स्क्रू त्यातून न पकडता मोकळा सरकतो आणि फक्त नेकला खेचून घेतो. दोन्हीकडे सारखंच भोक पाडलं की स्क्रूचे आटे बॉडीलाही पकडतात, मध्ये केसाएवढी फट तशीच राहते आणि कितीही पिळलं तरी जात नाही. ही चूक मी मोजता येणार नाही इतक्या गिटारींवर बघितलीय.

लांबीचा हिशोब: बॉडी ४५, पॉकेट १६, खाली उरले २९, प्लेट २, स्क्रू ४५ चा. म्हणजे नेकमध्ये १४ मिमी जाणार. टाच २५ ची आहे, ठीक. तरी नेकमध्ये ३ मिमीचं भोक पाडताना ड्रिल बिटला १६ मिमीवर टेप गुंडाळा, टेप लाकडाला टेकली की थांबायचं. फ्रेटबोर्डमधून बाहेर आलेलं भोक लपवता येत नाही.

नेक पॉकेटमध्ये क्लॅम्पने धरून, बॉडीच्या भोकांतून टोच्याने खूण करा, काढा, मग ड्रिल. स्क्रूला मेण किंवा साबण लावा. नेकचं मेपल कडक असतं, कोरडा स्क्रू डोकं तुटून आत राहतो.

७. ब्रिजची जागा

आता, आणि आत्ताच, ब्रिज. ड्रॉइंग बाजूला ठेवा. इथून पुढची मापं बसवलेल्या नेकवरून घ्यायची.

नटच्या फ्रेटबोर्डकडच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत मोजा. ६४८ ची नेक असेल तर ३२४ यायला हवं. वेगळं आलं तर तुमची नेक वेगळ्या स्केलची आहे, जे आलं त्याची दुप्पट धरा. टेप नको, लांब स्टीलची पट्टी घ्या.

ब्रिजवरचा बारीक तारेचा सॅडल जवळपास पूर्ण पुढे आणा, पुढे थोडाच खेळ राहू द्या, बाकी सगळा मागे. ब्रिज असा ठेवा की त्या सॅडलचा माथा नटपासून बरोबर ६४८ वर येईल. का, तर दाबल्यावर तार ताणली जाते आणि सूर थोडा चढतो, म्हणून प्रत्येक तारेला ६४८ पेक्षा थोडी जास्तच लांबी लागते, जाड तारेला सगळ्यात जास्त, ३-५ मिमी. सॅडल मागे जायला जागा हवी, पुढे फारशी लागत नाही. ब्रिजच्या मधल्या मापावर ६४८ धरलं तर नंतर जाड तारेचा सॅडल मागे संपतो आणि तिचा सूर कधीच बसत नाही.

आता आडवं. ब्रिज दुहेरी टेपने तात्पुरता चिकटवा. दोन्ही टोकाच्या तारांच्या जागी नटपासून सॅडलपर्यंत दोरे ताणा, किंवा खऱ्याच तारा ओढून धरा, दुसऱ्या माणसाला बोलवा. शेवटच्या फ्रेटपाशी दोऱ्यापासून फ्रेटबोर्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. सारखं यायला हवं. नसेल तर ब्रिज सरकवा, मध्यरेषेचा चरा काय म्हणतो ते विसरा. इथे आपण चऱ्याच्या नाही, नेकच्या बाजूने उभे राहतो.

> तपासा: लांबी परत मोजा. आडवं सरकवताना ब्रिज किंचित फिरलेला असतो. दोन्ही मापं एकापाठोपाठ दोनदा सारखी आली की मगच टोच्याने खूण.

भोकं स्क्रूच्या गाभ्याएवढी, आट्यांएवढी नाही. एक भोक पाडा, स्क्रू लावा, परत मोजा, मग दुसरं.

८. पिकअप, कंट्रोल आणि वायरच्या वाटा

दोरे अजून लावलेलेच असतील तर त्यांच्या खाली पिकअप ठेवून खुणा करा, पिकअपवरचे लहान चुंबकी खांब तारांच्या खाली येतील. मग खड्डे, पॉकेटसारखेच, टप्प्याटप्प्याने. कंट्रोलचा खड्डा मागून खणताना पुढे किती जाडी उरते ते बघा, पॉटचा दांडा बाहेर येऊन वर त्याचा आवळायचा नट बसेल एवढीच हवी, साधारण ५-६ मिमी.

वायरची वाट नेहमी विसरली जाते. लांब ६ मिमी बिटने पिकअपच्या खड्ड्यातून कंट्रोलच्या खड्ड्यात तिरकं भोक. आणि ब्रिजच्या खाली एक बारीक भोक कंट्रोलपर्यंत, ग्राउंडच्या वायरसाठी. हे रंग दिल्यावर आठवलं तर रंगावर ड्रिल घसरतं.

आता कडा गोल करा.

९. रंगाआधी एकदा पूर्ण जोडा

हा टप्पा बहुतेक लोक गाळतात आणि हाच टप्पा गिटार वाचवतो. कच्च्या लाकडावरच नेक, ब्रिज, ट्यूनर (तारा पिळायच्या किल्ल्या), निदान दोन टोकाच्या तारा चढवा, पूर्ण सुरात आणा. बाराव्या फ्रेटवर सॅडल वरखाली करून साधारण २ मिमी उंची मिळते का? सॅडल मागेपुढे करून सूर बसतो का? तारा कडेपासून सारख्या आहेत का? काही चुकलं असेल तर खुंटी ठोकून आत्ता दुरुस्त करता येतं आणि अपारदर्शक रंगाखाली कुणाला दिसणारही नाही. रात्रभर तशीच ठेवा, सकाळी परत बघा.

१०. घासणं आणि फिनिश

८०, १२०, १८०, २४०, आणि हवं तर ३२०. पायरी गाळू नका, ८० चे ओरखडे २४० ने जात नाहीत, फक्त चमकतात आणि स्टेन लावला की काळे होऊन वर येतात. १८० नंतर ओल्या फडक्याने पूर्ण पुसा, धागे उभे राहतील, सुकलं की २४० मारा. अ‍ॅश, महॉगनीसारख्या उघड्या छिद्रांच्या लाकडाला चकचकीत फिनिश हवं असेल तर आधी ग्रेन फिलर.

पहिल्या वेळी फडक्याने लावायचं तेल किंवा वाइप-ऑन पॉली घ्या. स्प्रेला खोली, हवा, धूळ, सगळंच सांभाळावं लागतं. पातळ थर, मध्ये पूर्ण सुकू द्या. पॉकेटमध्ये टेप लावून ठेवा, तिथे फिनिशचा थर चढला तर घट्ट बसवलेली नेक आत जात नाही आणि दाबून बसवली की कडेचा रंग तडकतो.

> सावध: तेलाची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. सुकताना ती गरम होतात आणि आपोआप पेटू शकतात. बाहेर सपाट पसरून सुकवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

११. वायरिंग

खड्ड्यांना आतून तांब्याची चिकटपट्टी लावा, तुकडे एकमेकांवर चढवून, जोडांवर सोल्डरचा एक थेंब, आणि त्याला ग्राउंडची वायर.

सोल्डरिंग आयर्न ४०-६० वॅटचा. पॉटच्या पाठीवर बारीक आयर्नने काम होत नाही, माणूस मिनिटभर धरून बसतो आणि आतली पट्टी जळते. पाठ आधी सँडपेपरने खरवडा, तापवा, सोल्डर वाहिलं की काढा. हंबकरला ५०० किलोओहमचे पॉट, सिंगल कॉइलला २५०.

जोडणी: पिकअपची गरम (सिग्नलची) वायर व्हॉल्यूमच्या बाहेरच्या एका पायाला, मधला पाय जॅकच्या टोकाच्या पत्तीला, तिसरा पाय पॉटच्या पाठीला. व्हॉल्यूमच्या त्याच पहिल्या पायावरून एक वायर टोनच्या मधल्या पायाला, टोनच्या बाहेरच्या एका पायावरून ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्याच्या पाठीला. दोन्ही पाठी, ब्रिजची वायर, तांब्याची पट्टी आणि जॅकची बाहेरची बाजू सगळं एकत्र ग्राउंड. नॉब उलटा चालला तर बाहेरच्या दोन पायांची अदलाबदल करा. हंबकरच्या वायरचे रंग कंपनीगणिक वेगळे असतात, त्याच्याच कागदावरून लावा.

तारा चढवायच्या आधी अँप लावून पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने हलकेच टकटक करा, ठक ठक ऐकू यायला हवं. घूं आवाज ब्रिजला हात लावल्यावर कमी झाला तर ग्राउंड लागलेलं आहे, शिल्डिंग (खड्ड्यांतली तांब्याची पट्टी) सुधारा. हात लावल्यावर वाढला तर जॅकवर दोन वायर उलट्या लागल्यात. काहीच बदलत नसेल तर ब्रिजखालची वायर टेकलेली नाही.

१२. सेटअप, याच क्रमाने

आधी सुरात आणा. मग रिलीफ, म्हणजे नेकचा हलका बाक: पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यातली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) बघा, ०.२ ते ०.३ मिमी. जास्त असेल तर ट्रस रॉड आवळा, कमी असेल तर सैल, एका वेळी पाव फेरा, परत सुरात, परत मोजा. अडकतोय असं वाटलं तर जोर लावू नका.

मग नट: तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा, पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी फट उरावी. जास्त असेल तर खाच हळूहळू खाली, शून्य झाली तर नट बदलावा लागतो. मग सॅडलची उंची, बाराव्या फ्रेटवर १.५ ते २ मिमी, जाड तारेला थोडी जास्त.

शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं: मोकळी तार सुरात लावा, बाराव्या फ्रेटवर दाबून सूर दाखवणारा ट्यूनर बघा. चढा दाखवत असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. प्रत्येक वेळी तार परत सुरात आणायची. पिकअपची उंची सगळ्यात शेवटी, शेवटचा फ्रेट दाबून तारेपासून २-३ मिमीवर.

आठवड्याने रिलीफ परत मोजा. ताणाखाली नवी नेक थोडी वाकते, त्यामुळे पाव फेरा बहुतेक वेळा लागतोच, आणि तेव्हाच नेकचे चारही स्क्रू एकदा हाताने आवळून बघा.